लोक हसतील, पण नेमकं कशाला?

चाळिशी ओलांडलेल्या बायका पळायला सुरुवात करायची म्हणतात, तेव्हा पहिली अडचण क्वचितच गुडघ्यांची किंवा वेळेची असते. "लोक बघतात हो," एवढंच त्या सांगतात, आणि ते बऱ्याच जणींकडून ऐकलं आहे. त्यातल्या एका ताईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून लिहिते आहे.

वय 46, कोल्हापुरात पतसंस्थेत नोकरी. माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या होत्या, चिडचिड आणि झोपेच्या तक्रारीसाठी. साखर सीमारेषेवर आली होती, डॉक्टरांनी तपासून व्यायामाला परवानगी दिली होती. रंकाळ्यावर पळणाऱ्यांना बघून त्यांनाही पळावंसं वाटलं आणि मुलीने हौसेने बूट आणून दिले. ते बूट महिनोन्महिने खोक्यातच पडून होते. "लताबाई करे बारामतीला नऊवारीत, अनवाणी पळाल्या आणि मला ट्रॅकपँट घालायची लाज वाटते," असं म्हणून त्या स्वतःलाच बोल लावत होत्या. प्रेरणेच्या गोष्टींचा असाही त्रास होतो. लताबाई नवऱ्याच्या उपचारांसाठी बक्षिसाचे पैसे हवेत म्हणून शर्यतीत पळाल्या, तो प्रसंगच वेगळा. त्या मापाने स्वतःला मोजायचं कारण नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

मग विचारलं, "लोक म्हणजे कोण? आणि ते काय बघतील?"

"शेजारच्या वहिनी. ऑफिसातले साहेब. पोट हलतं ते बघतील."

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्या तरी जणांनी शर्टावरचं चित्र टिपलं असेल. प्रत्यक्षात साधारण पाव जणांनीच टिपलं होतं. मी ताईंना सांगितलं, जाण्याआधी कागदावर लिहा की किती जण बघतील, किती जण बोलतील. आल्यावर खरा आकडा लिहा.

त्या गेल्या. बघणारे अंदाजापेक्षा बरेच कमी निघाले. एका ओळखीच्या बाईंनी मात्र हाक मारलीच, "काय वैनी, कुणाच्या मागं लागलाय?" म्हणजे कुणीच बोलत नाही असं नाही. पण एका टोमण्याने काय होतं आणि काय होत नाही, हे त्यांना कळलं.

पुढच्या भेटीत नवीच तक्रार. "दोन मिनिटांत धाप लागते. माझ्याच्यानं व्हायचं नाही." कुठे आणि कसं पळालात, हे बारकाईने विचारल्यावर उलगडलं. बाकड्यांवर माणसं बसलेली दिसली की त्या वेग वाढवायच्या, म्हणजे लवकर नजरेआड होता येईल. धाप वयामुळे लागत नव्हती, लाजेमुळे लागत होती. नवशिक्या माणसाने मुळात सलग पळायचंच नसतं. जॉश क्लार्क यांनी 1996 मध्ये तयार केलेला 9 आठवड्यांचा एक प्रसिद्ध आराखडा आहे. आठवड्यातून 3 दिवस. पहिल्या आठवड्यात 5 मिनिटं भरभर चालायचं, मग 60 सेकंद हळू पळायचं आणि 90 सेकंद चालायचं, असं 20 मिनिटं. वेग किती? पळताना तेराचा पाढा न अडखळता म्हणता आला पाहिजे, असं आम्ही ठरवलं. पाढा तुटला की वेग जास्त झाला. आठवडा जमला नाही तर तोच पुन्हा करायचा.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. पण त्या पळायला जाण्याआधी पाणी प्यायचं टाळतात आणि नेहमी काळेच कपडे घालतात, हे बोलण्यात येऊन गेलं होतं. मी तेव्हा विचारलं नाही, त्यांना सवड दिली. एकदा वेळ संपल्यावर पर्स खांद्याला लावून उठल्या आणि दाराशी थांबल्या. "मॅडम, आणखी एक होतं. पळताना थेंब थेंब लघवी होते. धाकट्याच्या बाळंतपणापासून शिंकलं, खोकलं तरी होते. कुणाला सांगितलं नाही."

नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, डॉक्टरांनाही नाही. मी त्यांना पुन्हा बसवलं.

"लोक बघतील" यामागे हे होतं. टी-शर्टचा प्रयोग याला उत्तर देऊ शकत नव्हता, कारण ही भीती चुकीच्या अंदाजातून आलेली नव्हती. शरीरात खरंच काहीतरी घडत होतं, आणि त्यावर उपाय होता. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात, सैल पडतात. उडी, खोकला, पळणं यांचा दाब पडला की लघवी गळते. असंख्य बायकांना हा त्रास असतो. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी 1948 मध्येच या स्नायूंचे व्यायाम मांडले. आजही पहिला उपाय तोच आहे. फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्यायचे, दिवसातून 3 वेळा, दर वेळी किमान 8 आकुंचनं, किमान 3 महिने. पाणी तोडू नये. लघवी दाट झाली की मूत्राशयाला उलट त्रास होतो. निघण्याआधी लघवीला जाऊन यावं, तोवर पॅड वापरावं, त्यात कमीपणा काही नाही.

मी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, तिथून फिजिओथेरपिस्टकडे. आता त्या आराखड्याच्या पाचव्या आठवड्यात अडकल्या आहेत. कधी चौथ्यावर परत येतात. गळणं पुष्कळ कमी झालंय, पूर्ण थांबलेलं नाही. झोप सुधारली आहे.

अशा सगळ्याच भीतींच्या मुळाशी हे नसतं. कुणाला भटक्या कुत्र्यांची भीती असते, तीही खरीच. तिथे मनाची समजूत घालत बसू नये, रस्ता आणि वेळ बदलावी. कुणाला छाती हलते म्हणून संकोच वाटतो, त्यांना घट्ट आधार देणारी खेळाची ब्रा लागते, उपदेश नको असतो.

आणि वाचता वाचता तुम्हाला स्वतःचीच गोष्ट आठवली असेल, तर डॉक्टरांसमोर आडवळणाने बोलू नका. "खोकताना, शिंकताना, पळताना लघवी गळते," हेच शब्द वापरा. बोलणं जमत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. सोबत जळजळ होत असेल, लघवीतून रक्त जात असेल किंवा योनीतून काही खाली उतरल्यासारखं वाटत असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी दाखवून घ्या.