टाळेबंदी, संप आणि ‘बंद पडणे’

प्रश्न असा आहे: ‘१९८२च्या गिरणी संपाविषयी वाचताना कुठे संप, कुठे टाळेबंदी, तर कुठे “गिरण्या बंद पडल्या” असं दिसतं. २०२०मध्ये लॉकडाऊनलाही आपण टाळेबंदीच म्हणत होतो. नेमका शब्द कोणता?’

आधी टाळेबंदी. कामगार चळवळीत हा शब्द लॉकआउटसाठी पक्का रुळलेला आहे. कामगार पाळीला आलेत, मालक त्यांना आत घेत नाही, ही टाळेबंदी. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातली व्याख्या बरीच ऐसपैस होती: कामाची जागा तात्पुरती बंद करणं, काम थांबवणं किंवा कितीही कामगारांना कामावर ठेवायला नकार देणं. म्हणजे टाळं दिसलंच पाहिजे असं नाही. बाकीची खाती चालू ठेवून एकाच खात्यातली माणसं गेटवर अडवली, तरी ती टाळेबंदी होऊ शकते. साथीच्या काळात सरकारने घातलेले निर्बंध ही वेगळी गोष्ट. तिथे ‘लॉकडाऊन’च वापरावा. नाहीतर ‘टाळेबंदीतला पगार’ म्हणजे कोणता, हेच कळत नाही.

ले-ऑफ आणखी वेगळा. कच्चा माल, वीज, कोळसा नाही, यंत्र बिघडलं किंवा माल साठून राहिला म्हणून काम देता येत नाही, पण नाव मस्टरवर कायम असतं. त्या दिवसांची भरपाई मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या ५० टक्के असते. याला सर्वमान्य मराठी शब्द रुळलेला नाही. कामगारही ले-ऑफच म्हणतात, तोच लिहावा. ‘कपात’ लिहू नये, कारण कपातीत नोकरीच जाते.

संपाचा कर्ता कामगार. गुजरातीत संप म्हणजे एकोपा, आणि मराठी शब्दातही एकत्र येणं मुरलेलं आहे. एकट्याने काम सोडलं तर ती गैरहजेरी. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेने तर ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजाही संपात मोजली आहे. (हरताळ म्हणजे दुकानं, व्यवहार बंद ठेवणं. ‘हरताळ फासणे’मधला हरताळ मात्र पिवळा खनिज रंग, पोथीतली चूक पुसायला तो लावत. दोन्हींचा संबंध नाही.)

संपाला लागणारी क्रियापदं जपून निवडावीत. संप पुकारतात, तो चिघळतो, फुटतो, मिटतो किंवा मागे घेतला जातो. १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू केलेला संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तेव्हा ‘संप मिटला’ हे वस्तुस्थितीला धरून नाही. मिटायला तडजोड व्हावी लागते.

खरी अडचण ‘बंद पडल्या’त आहे. पंखा बंद पडतो, घड्याळ बंद पडतं. तिथे कुणाचा हात नसतो. गिरणीला तेच क्रियापद लावलं की मालक वाक्यातून गायब होतो. वाक्याच्या आधी ‘संपामुळे’ जोडलं की सगळा दोष कामगाराकडे जातो. कापड विणणं थांबलं नव्हतं. ते भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेलं, जिथे मजुरी कमी आणि युनियन दुबळी होती. पुढे १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीच्या पुनर्विकासाचा रस्ता खुला केला आणि लोअर परळमध्ये सुतापेक्षा जागेत नफा दिसू लागला. भांडवल जास्त नफ्याकडे सरकतं, मुंबईतही आणि जगभरातही. त्या सरकण्याला ‘पडणे’ म्हणणं चूक आहे. निर्णय मालकाचा असेल तर ‘गिरणी बंद केली’ लिहावं. सरकारने ताब्यात घेतलेल्या गिरण्यांबाबत कर्ता बदलेल, पण कर्ता असेलच.

याच जातीचा आणखी एक शब्द, ‘स्वेच्छानिवृत्ती’. त्यात तर हिशेबच बदलतो. कपातीत ठरलेल्या मुदतीची नोटीस किंवा तितका पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. २० वर्षांचे झाले ३०० दिवस. कायद्याच्या व्याख्येत स्वेच्छानिवृत्ती कपातीतून वगळलेली आहे. त्यामुळे त्या अर्जावर सही केली की ही कायदेशीर भरपाई मागता येत नाही, योजनेत लिहिलं असेल तेवढंच मिळतं. ग्रॅच्युइटीचा हक्क दोन्हींत वेगळा उरतो, ती भरपाईत मिळवून रक्कम मोठी दाखवली आहे का ते पाहावं. बातमी लिहिणाऱ्याने ‘कामगारांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली’ असं लिहिण्याआधी त्या दिवशी खातं चालू होतं का, पगार किती महिने थकला होता, हे विचारावं. खातं बंद आणि पगार थकलेला असेल, तर ‘स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली कामगारांना काढलं’ हे वाक्य बरोबर.