छोट्या स्टुडिओ मॉनिटरसाठी ड्रायव्हरची निवड

प्रश्न : घरच्या ध्वनिमुद्रणासाठी छोटे मॉनिटर स्पीकर स्वतः बनवायचे आहेत. बेताच्या खर्चात ड्रायव्हर, म्हणजे स्पीकरमधले प्रत्यक्ष आवाज काढणारे घटक, कसे निवडावेत?

उत्तर : खालच्या स्वरांसाठी पाच इंची वूफर आणि वरच्या स्वरांसाठी २५ मिलिमीटरचा मऊ घुमटाचा ट्वीटर ही जोडी पुरेशी आहे. वूफरचे थील-स्मॉल मापदंड (त्याचे विद्युत व यांत्रिक गुणधर्म सांगणारे आकडे) उत्पादकाने दिलेले नसतील, तर तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये, कारण पेटीचे घनफळ आणि पोर्टची (पेटीला बसवलेल्या हवेच्या नळीची) लांबी त्यांवरूनच काढावी लागते. खोक्यावरचा वॅटचा आकडा विक्रेत्याच्याच अधिक कामाचा. पोर्टच्या पेटीसाठी क्यूटीएस (याच मापदंडांपैकी एक; वूफरचा अनुनाद किती दबलेला आहे ते सांगणारा) साधारण ०.३ ते ०.४ असावा. ट्वीटरची अनुनाद-वारंवारता (ज्या वारंवारतेला तो स्वभावतः सर्वाधिक कंप पावतो ती) क्रॉसओव्हरच्या, म्हणजे आवाज वूफर आणि ट्वीटरमध्ये वाटणाऱ्या मंडलाच्या, विभागणी-वारंवारतेच्या निम्म्याहून कमी हवी, म्हणजे २५०० हर्ट्झला विभागणी करायची असल्यास ती १२५० हर्ट्झच्या खाली. ट्वीटर वूफरपेक्षा अधिक संवेदनशील, म्हणजे तेवढ्याच विजेवर मोठा वाजणारा, असला तरी चालेल, कारण रोधक लावून त्याचा आवाज उतरवता येतो. उलट असेल, तर साध्या क्रॉसओव्हरमध्ये उपाय अवघड आहे.