माझ्या नसा कमजोर झाल्या आहेत का?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या माझ्या समुपदेशन कक्षात एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, समोरची व्यक्ती खुर्चीत नीट बसण्यापूर्वीच मला त्याची चाहूल लागते: "ताई, माझ्या नसा कमजोर झाल्या आहेत." छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, तोंडाला कोरड, रात्री दचकून जाग, आणि तपासण्या मात्र सगळ्या निर्दोष. ग्वाल्हेरात राहणाऱ्या माणसाने रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर 'नसों की कमजोरी'ची रंगवलेली जाहिरात लहानपणापासून वाचलेली असते. दुखण्याचे नाव त्याला तिथे आयतेच मिळते.

ज्यांची गोष्ट सांगते आहे, ते काका सत्तावन्न वर्षांचे, सरकारी हिशेबखात्यात नोकरीला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बाडा या शहरातल्या मुख्य बाजारचौकाच्या गर्दीत एका संध्याकाळी त्यांना एकाएकी घाबरल्यासारखे झाले, बोटे बधिर झाली, आणि तेव्हापासून त्यांनी एकट्याने बाहेर पडणे सोडले. पहिल्या भेटीत त्यांनी पिशवीतून ईसीजी, साखर आणि बी-१२ यांचे अहवाल, मेंदूचा एमआरआय आणि मालिशच्या तेलाची अर्धी बाटली काढून टेबलावर ओळीने मांडली. मग बाही वर सरकवून मनगटावरची हिरवट रेघ दाखवली.

"बघा, नसा कशा वर आल्या आहेत."

"काका, ही शीर आहे. हिच्यातून रक्त हृदयाकडे परत जातं. तुम्ही ज्या नसेबद्दल बोलता, ती अशी दिसत नाही."

"मग ती आहे हे कशावरून?"

"कोपर कधी दाराच्या कडेवर आपटलं आहे?"

ते हसले. कोपराच्या आतल्या बाजूच्या खाचेत त्यांनी स्वतःच बोट दाबून पाहिले आणि करंगळी झटकली. "करंट आला!" करंगळीकडे आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाकडे जाणारा मज्जातंतू त्या जागी हाडाला लागून, जवळजवळ कातडीखालीच असतो. एवढ्यावरून मज्जातंतू निरोगी ठरतात असे नाही; ते काम न्यूरॉलॉजिस्टने आधीच केले होते. मला फक्त बोट शिरेवरून उचलून योग्य जागी ठेवायचे होते. रक्ताची वाहिनी ती नस, मज्जातंतू तीही नस, आणि पोटरीत गोळा आला तरी 'नस चढली'. तीन वेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो आणि तिन्हींची भीती एकत्र बाळगतो.

मनाविषयी बोलण्याआधी शरीराचा नकाशा समोर ठेवावा, हा माझा आग्रह जुना आहे आणि काही सहकाऱ्यांना तो आवडत नाही. मी कागदावर सुमारे १.४ किलोचा मेंदू काढला, त्याखाली करंगळीएवढ्या जाडीचा, साधारण ४५ सेंटिमीटर लांबीचा, पाठीच्या कण्यातून जाणारा मेरुरज्जू. मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या, १२ जोड्या, मेरुरज्जूतून निघणाऱ्या ३१. हात हलवण्याचा हुकूम आपण देतो. हृदय, आतडी आणि घाम यांचा कारभार मात्र स्वायत्त चेतासंस्था आपल्याला न विचारता चालवते. तिच्यात दोन खाती आहेत, हे सांगताच काकांचे डोळे चमकले. अनुकंपी म्हणजे खर्चाचे खाते: संकट दिसताच ठोके वाढवणारे, श्वास जलद करणारे, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन सोडायला लावणारे. परानुकंपी म्हणजे जमेचे: पचन, विश्रांती, झीज भरून काढणे.

"म्हणजे माझ्याकडे खर्चच जास्त चालू आहे," ते म्हणाले. मी दुरुस्ती केली नाही.

खरी कलाटणी तिसऱ्या भेटीत मिळाली. त्यांच्या डॉक्टरांची परवानगी घेऊन मी त्यांना माझ्यासमोर मिनिटभर जलद आणि खोल श्वास घ्यायला सांगितले. चाळीसएक सेकंदांनी त्यांनी डोळे विस्फारून बोटे समोर धरली. ओठांना आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या होत्या.

"हेच! बाड्यावर हेच झालं होतं."

गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्ताची रासायनिक घडी थोडी बदलते आणि चेता जास्तच संवेदनशील होऊन आपणहून संदेश सोडू लागतात; मुंग्या येतात त्या यामुळे. ज्या नसांना ते कमजोर समजत होते, त्या त्या क्षणी गरजेपेक्षा अधिक तत्पर होत्या. श्वास सावकाश होताच दोन-तीन मिनिटांत बोटे पूर्ववत झाली. काका बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहायला मला बरीच वर्षे लागली आहेत.

मग ते म्हणाले, "धाकटा भाऊ गेला, त्या रात्री तो म्हणाला होता, दादा, हाताला मुंग्या येताहेत. मी म्हटलं, झोप, सकाळी बघू."

दोन भेटींत मी घरच्यांविषयी विचारले होते, तेव्हा हे आले नव्हते. मुंग्या अंगाला कळल्या होत्या, अर्थ त्या रात्रीने दिला होता. पुढच्या चार भेटी आम्ही त्या रात्रीविषयीच बोललो. ते सगळे इथे लिहिण्याजोगे नाही.

या कामात माझी स्वतःची एक चूक मला उमगली. मी वर्षानुवर्षे लोकांना 'शांत व्हा' असे सांगत आले, जणू काही न करणे म्हणजे शांत होणे. वस्तुस्थिती उलट आहे. हृदयाला त्याच्या स्वतःच्या लयीवर सोडले तर ते मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देते. स्वस्थ बसलेल्या माणसात ते सत्तरपर्यंत येतात, कारण व्हेगस ही मेंदूतून निघून हृदय, फुप्फुसे आणि आतड्यांपर्यंत जाणारी दहावी चेता त्याला सतत आवरून धरते. श्वास सोडताना तिची पकड घट्ट होते, घेताना सैल पडते. म्हणून श्वास लांबवून सोडायचा. ग्वाल्हेरात हे शिकवणे सोपे आहे: "खालचा सा लावा, काका, दमसास संपेपर्यंत." मनगटावर दोन बोटे ठेवून त्यांनी सा लावला आणि नाडी मंदावताना स्वतः मोजली.

हे वाचून कोणी तपासणी टाळू नये. छातीत दाब किंवा हाताकडे, जबड्याकडे जाणारी कळ, एका बाजूचा हात अचानक लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, असे काही दिसले की तडक रुग्णालय गाठावे. मधुमेहात किंवा बी-१२च्या कमतरतेत पायांना येणारा बधिरपणा हाही निराळा विषय आहे, आणि त्यावर उपचार असतात. मात्र डॉक्टरांनी निर्वाळा दिल्यानंतर तीच तपासणी चौथ्यांदा करू नये, दर तासाला नाडी मोजू नये. सकाळी दहा मिनिटे श्वास लांबवावा. आणि ज्या जागेची भीती बसली आहे तिथे आधी कुणाला सोबत घेऊन, मग एकट्याने, थोडे थोडे जात राहावे. काकू बाड्यापर्यंत पाच वेळा बरोबर गेल्या. सहाव्या वेळी कोपऱ्यावरच थांबल्या.

शेवटच्या भेटीत निघताना काकांचे कोपर माझ्या खुर्चीच्या हातावर सणकून आदळले. ते कळवळून खाली बसले, करंगळी दोनदा हलवून पाहिली आणि म्हणाले, "लाइन चालू आहे, ताई. खुर्ची तेवढी बदला."