टाचेमागची शीर दुखते तेव्हा

पोटरीच्या स्नायूला टाचेच्या हाडाशी जोडणाऱ्या जाड पट्ट्याला लोक टाचेमागची शीर म्हणतात. वैद्यकात तो अकिलिस टेंडन होय. त्याविषयी तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकत्र उत्तरे देत आहे.

बर्फ लावावा की गरम पाण्याने शेकावे?

ज्याने बरे वाटेल ते करावे. आराम दोन्हींनी पडतो, टेंडन मात्र त्याने सुधारत नाही.

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन धावायची आहे, पण सकाळी पहिली पावले लंगडतच पडतात. सोबतचे धावपटू इंजेक्शन घ्यायला सांगतात. घ्यावे का?

घेऊ नये. टेंडनमध्ये स्टेरॉइड टोचले की काही आठवडे वेदना दबते, पण टेंडन कमकुवत होऊन तुटण्याची भीती वाढते, आणि वेदना नसल्यामुळे माणूस त्याच पायावर आणखी जोराने धावतो. हे दुखणे बहुधा साध्या दाहाचे नसते. वारंवार ताण पडून आतले तंतू विस्कटलेले असतात, म्हणून चिमटीत धरल्यास तो भाग जाड लागतो. त्यावर खरा उपाय बेताने वाढवलेल्या भाराचा आहे. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पायरीच्या कडेवर चवडे टेकवून दोन्ही पायांनी टाचा उचलायच्या आणि दुखऱ्या पायावर भार घेत टाच सावकाश खाली न्यायची असते: प्रत्येकी १५ वेळा, तीन फेऱ्या, गुडघा सरळ ठेवून आणि पुन्हा किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. दुखणे अगदी हाडाजवळ असेल तर टाच पायरीच्या खाली नेऊ नये. म्हणून आधी तपासणी, मग फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम. शर्यत पुढच्या वर्षीही असते.

स्वतःच्या रक्तातील प्लेटलेट टोचण्याचे तीन इंजेक्शनांचे ‘पॅकेज’ सुचवले आहे.

ब्रिटनमध्ये २४० रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे इंजेक्शन आणि नुसती खोटी सुई यांत सहा महिन्यांनी फरक दिसला नाही. पैसे भरण्याआधी दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाचे मत घ्यावे.

सिप्रोफ्लोक्सॅसिन हे अँटिबायोटिक सुरू केल्यापासून टाच दुखते.

संबंध असू शकतो. व्यायाम थांबवावा आणि पुढची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करावा.

बॅडमिंटन खेळताना मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटले. मुरगळ समजून दहा दिवस मालिश करत आहे.

मालिश आजच बंद करा. हे टेंडन तुटल्याचे लक्षण असू शकते. डॉक्टर पालथे झोपवून पोटरी दाबतात. पाऊल हलले नाही तर शंका बळावते. चालता येते म्हणून टेंडन शाबूत आहे असे मानू नका. उशीर होईल तसतशी तुटलेली टोके दूर सरकतात आणि उपचार अवघड होतात. दहा दिवस गेलेच आहेत, अकरावा घालवू नका.