परप्रांतीय, उपरा की स्थलांतरित?

विट्याच्या एका वाचकाने विचारलंय : 'पेपरात "स्थलांतरित मजूर" छापतात, चौकात त्याच माणसाला "परप्रांतीय" म्हणतात. अर्थ एकच ना?'

मला तसं वाटत नाही. 'स्थलांतरित'मधून माणूस जागा सोडून आला एवढंच कळतं. 'परप्रांतीय'मध्ये सगळा जोर 'पर'वर आहे. प्रांत होते इंग्रजी अमदानीत. आता 'प्रांत' ऐकू येतो तो प्रांत ऑफिसपुरता. तरी 'परराज्यीय' काही रुजला नाही. बीडची ऊसतोड टोळी तर याच राज्यातली, पण फडाशेजारच्या वस्तीवर तीही 'बाहेरची माणसं'च.

'उपरा' अधिक बोचतो. पेशवाईच्या महसुली व्यवस्थेत मिरासदार आणि उपरी असे दोन प्रकारचे कसणारे होते. उपरी जमीन कसायचा, सारा भरायचा, पण मिरासदाराचा वंशपरंपरागत हक्क त्याला नसायचा. राबणूक हवी, हक्क नको, हा भाव 'उपरा' म्हणताना आजही जाणवतो.

आता आपल्याच खानापूर-आटपाडीकडे बघा. दुष्काळानं घर सोडलेली माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या कामासाठी, देशभर पांगली. त्यांच्याबद्दल आपण कौतुकानं म्हणतो, 'पोरगं तिकडं केरळात गलाईत हाय.' आपलं पोरगं 'तिकडं हाय', आणि कुपवाडच्या एमआयडीसीत आलेला बिहारी मात्र परप्रांतीय!

पोटावर पाय येईल या भीतीनं लोक असे बोलतात, असं सर्रास सांगितलं जातं. हाइनम्युलर आणि हॉपकिन्स या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये बाहेरून येणाऱ्यांबद्दल लोकांना काय वाटतं यावरच्या उत्तर अमेरिका व पश्चिम युरोपातल्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा वेगळंच दिसलं. स्वतःच्या रोजगाराच्या धास्तीपेक्षा आपल्या देशाचं, संस्कृतीचं काय होईल ही काळजी लोकांची मतं जास्त घडवते. तिथला प्रश्न आप्रवाशांचा, म्हणजे परदेशातून आलेल्यांचा. आपल्याकडचा बिहारी गवंडी याच देशाचा नागरिक. देशात कुठंही राहायचा हक्क त्याला संविधानाच्या कलम १९ नं दिलाय. पण 'ही मराठी बोलत नाहीत' ही तक्रार मजुरीच्या दरापेक्षा मोठ्यानं ऐकू येते, त्याचा उलगडा मला या निष्कर्षात दिसतो.

तेव्हा लिहिताना 'स्थलांतरित' वापरा. त्याहून बरं म्हणजे सरळ गाव आणि काम सांगा : 'बिहारहून आलेले गवंडी', 'राजस्थानचे फरशीवाले'. दुसऱ्याचं म्हणणं उद्धृत करताना 'परप्रांतीय' अवतरणात ठेवा. 'उपरा' बातमीत नकोच.