पगार मागितला म्हणजे सेवाभाव कमी झाला का?

झोप लागत नाही, घरी चिडचिड होते, अशा तक्रारी घेऊन अनेक परिचारिका माझ्याकडे येतात. पगाराचा विषय मात्र बऱ्याच उशिरा आणि संकोचाने निघतो. चाळीस खाटांच्या खासगी रुग्णालयातील एका अनुभवी सिस्टरांचेही तसेच झाले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) डबल ड्युट्या करूनही त्यांच्या हातात चौदा हजार रुपये पडत, आणि तरीही त्यांनी विचारले, “मॅडम, वाढवून मागितले तर मी पैशासाठीच काम करते, असे नाही का होणार?”

ही अपराधी भावना त्यांच्या मनात आपोआप उगवलेली नव्हती. रजा नाकारताना आणि जादा पाळी लावताना “ही सेवा आहे” असे त्यांना वर्षानुवर्षे ऐकवले गेले होते. डॉक्टरांनी फी घेतली म्हणून त्यांच्या सेवाभावावर कोणी संशय घेत नाही, हे मी निदर्शनास आणले, तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत.

मग मी त्यांना २०१६ सालची माहिती दिली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने त्या वर्षी खासगी परिचारिकांच्या वेतनाबाबत शिफारशी केल्या: पन्नासहून कमी खाटा असल्या, तरी दरमहा किमान २०,००० रुपये, आणि दोनशेहून अधिक खाटा असल्यास शासकीय परिचारिकांइतके वेतन द्यावे. राज्याने तशी तरतूद केल्याशिवाय या शिफारशी बंधनकारक होत नाहीत, हेही स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटले. केरळने मात्र परिचारिकांच्या संघटित लढ्यानंतर २०१८ मध्ये २०,००० रुपये हे किमान मूळ वेतन म्हणून अधिसूचित केले. आपली मागणी हाव नसून तिला सरकारी समितीचा आधार आहे, हे कळल्यावर त्यांचा सूर बदलला.

त्यांनी जादा पाळ्यांची तारीखवार नोंद ठेवली, व्यवस्थापनाशी कसे बोलायचे याचा माझ्यासमोर सराव केला आणि सहकारी परिचारिकांसह लेखी अर्ज दिला. एकटीने गेल्यास नोकरी जाण्याची त्यांची भीती अनाठायी नव्हती, म्हणून सामूहिक अर्जाचा आग्रह मीच धरला होता. पगार वीस हजारांपर्यंत पोहोचला नाही. थोडी वाढ मिळाली आणि जादा पाळीचे पैसे वेगळे मिळू लागले. कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्या आया आणि सफाई कामगार त्या अर्जात नव्हते. त्यांच्या किमान वेतनाची चौकशी करण्यासाठी सिस्टर आता कामगार आयुक्त कार्यालयात जाणार आहेत.