कॉलेजच्या डेटाबेसमधे पहिल्यांदा शोधताय? आधी एवढंच करा

अरे घाबरू नकोस, पहिल्या दिवशी सगळ्यांनाच शून्य रिझल्ट येतात. एन-लिस्टचा (म्हणजे कॉलेजांना ऑनलाइन जर्नल्स आणि ई-पुस्तकं देणाऱ्या योजनेचा) आयडी लायब्ररीतून घेतलास ना, मग अर्धं काम झालं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गूगलसारखं अख्खं वाक्य टाकणं. "मुंबईत प्लेग का पसरला आणि सरकारने काय केलं" असं नको, फक्त दोन-तीन मुख्य शब्द, मधे इंग्रजी कॅपिटलमधे अँड. आणि स्पेलिंग! 1896 च्या प्लेगवर शोधताना नुसतं मुंबई टाकशील तर बरेच चांगले लेख हातातून जातील, कारण इंग्रजी लेखांत तेव्हाच्या शहराला बॉम्बेच म्हणतात, तसंच पुण्याला पूना, म्हणून शहराचं जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं कंसात घालून मधे ऑर टाक. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, आठवडा वाया गेला होता माझा.

बाकी:
- "फुल टेक्स्ट" वर टिक कर, नाहीतर नुसता सारांश हाती लागतो.
- आधी सारांश वाच, मगच पीडीएफ उतरव. चाळीस फाइल्स जमवून एकही न वाचणं हे फार होतं.
- अ‍ॅड्रेस बारमधली लिंक कॉपी करू नको, लॉगिन संपलं की ती बऱ्याचदा उघडत नाही. लेखाच्या पानावरची स्टेबल लिंक घे.

शोधगंगा पण बघ, तिथे भारतातले पीएचडी प्रबंध लॉगिनशिवाय वाचता येतात आणि प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची म्हणजे खजिना आहे, तिथून पुढचे लेख आपोआप सापडत जातात. बाकीचे फिल्टर, अलर्ट वगैरे आत्ता सोड. अडलास तर सरळ ग्रंथपालांकडे जा, ते खरंच मदत करतात.